कोण लॉगिन आहे हे कंटेनरला ठाऊक नसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. टॉमकॅटवर चालणारं जावाचं वेब ॲप्लिकेशन आहे. (टॉमकॅट हा अशी ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर, आणि अशा सर्व्हरलाच कंटेनर म्हणतात.) ॲडमिनच्या पानावर ‘सध्या लॉगिन असलेले वापरकर्ते’ दाखवायचे आहेत आणि गरज पडली तर तिथूनच एखाद्याला बाहेर काढायचं आहे. त्यासाठी एचटीटीपी सेशन लिसनर, म्हणजे सेशन सुरू झालं किंवा संपलं की कंटेनर आपणहून बोलावतो असा क्लास, लिहिला. सेशन तयार झालं की काउंटर एकने वाढतो, संपलं की एकने कमी होतो. पण आकडा प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त दिसतो आणि सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर काही वेळा चक्क उण्यात जातो. लिसनरमध्ये काय चुकलं?

लिसनर बरोबर आहे. तो सेशन मोजतो आणि तुम्हाला माणसं मोजायची आहेत. सेशन ही कंटेनरची वस्तू आहे, एकाच ब्राउझरकडून येणाऱ्या रिक्वेस्ट एकमेकींशी जोडण्यासाठी त्याने ठेवलेली. तुमच्या कोडने पहिल्यांदा गेटसेशन ही मेथड बोलावली की ती जन्माला येते, मग समोर लॉगिन झालेला माणूस असो, लॉगिनचं पान नुसतं उघडून निघून गेलेला पाहुणा असो की एखादा बॉट असो. जेएसपी (जावा कोड मिसळलेली एचटीएमएल पानं) वापरत असाल तर गेटसेशन लिहायचीही गरज नाही. पेज डिरेक्टिव्हमध्ये सेशन ‘फॉल्स’ केलेलं नसेल तर प्रत्येक जेएसपी आपणहून सेशन उघडते.

आकडा फुगण्याचं कारण बहुतेक वेळा लोड बॅलन्सरची (रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटून देणाऱ्या यंत्रणेची) हेल्थ चेक, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे का हे पाहणारी रिक्वेस्ट, निघते. ती सेशनचा आयडी असलेली कुकी परत पाठवत नाही, त्यामुळे दर खेपेला कंटेनरला ती नवी पाहुणी वाटते. समजा ती दर १० सेकंदांनी एखाद्या जेएसपीवर येते आणि टाइमआउट (किती वेळ रिक्वेस्ट आली नाही की सेशन संपवायचं ती मुदत) टॉमकॅटचा मूळचा, म्हणजे ३० मिनिटांचा आहे. मग कुठल्याही क्षणी १८० सेशन तिच्या एकटीच्या नावावर जिवंत असतात. तिच्यासाठी सेशन न उघडणारा वेगळा पत्ता ठेवा, आणि जिथे फक्त ‘सेशन आहे का’ एवढंच पाहायचं आहे तिथे गेटसेशनला फॉल्स द्या. आकडा लगेच खाली येईल, तरीही तो लॉगिनचा आकडा नसेल.

उण्यात जाण्याचं कारण वेगळं आहे. टॉमकॅटमध्ये सेशन टिकवण्याची सोय चालू असेल, तर व्यवस्थित बंद होताना तो सेशन फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि चालू होताना परत वाचतो. परत आलेल्या सेशनसाठी ‘सेशन तयार झालं’ ही सूचना येत नाही, कारण ते आधीच तयार झालेलं असतं. पण ते टाइमआउट झालं की ‘सेशन संपलं’ ही सूचना मात्र येते. तुमचा काउंटर नव्या प्रक्रियेत शून्यापासून सुरू झालेला असतो, म्हणून वजाबाकी होते आणि बेरीज होतच नाही.

आता मूळ मुद्दा. अमुक माणूस लॉगिन आहे ही माहिती कंटेनरकडे नसते, ती तुमच्या ॲप्लिकेशनची असते. पासवर्ड तुम्ही तपासलात, लॉगआउटचं बटण तुम्ही दिलंत, किती वेळ गप्प बसलेल्याला बाहेर काढायचं हा नियमही तुमचा. म्हणून तिची नोंदही तुम्हीच ठेवायची, आणि ती बरोबर लॉगिन यशस्वी होण्याच्या जागी करायची. कंटेनरच्या घडामोडी फक्त ती नोंद बंद करायला मदतीला घ्यायच्या. सर्व्हलेटच्या, म्हणजे टॉमकॅट पाळतो त्या जावा वेब मानकाच्या, सुरुवातीच्या आवृत्त्यांत एचटीटीपी सेशन कॉन्टेक्स्ट नावाची गोष्ट होती आणि तिच्याकडून सगळ्या सेशनचे आयडी मागता यायचे. २.१ आवृत्तीत ती सुरक्षेच्या कारणावरून बाद ठरवली आणि तिच्याऐवजी दुसरं काहीही दिलं नाही. त्यामुळे जुन्या उत्तरांत तिचा सल्ला दिसला तर तो सोडून द्या.

कोड लिहायच्या आधी ही यादी नक्की कशासाठी हवी आहे ते ठरवा. ‘सध्या लॉगिन’ या शब्दांत तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात. कोणाकडे आत्ता वैध लॉगिन आहे? कोण आत्ता खरोखर काम करतोय? आणि काल दुपारी कोण आत होतं? पहिल्याचं उत्तर लॉगिन आणि लॉगआउटच्या नोंदीतून मिळतं, दुसऱ्याचं शेवटच्या हालचालीच्या वेळेतून, आणि तिसऱ्यासाठी नोंदी टिकवून ठेवाव्या लागतात, म्हणजे डेटाबेस आलाच. मला विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना बोलताना पहिला प्रश्न हवा असतो आणि पडद्यावर दुसरा. दुसरी गोष्ट म्हणजे सर्व्हर एक आहे की अनेक. एकच असेल आणि पुढेही एकच राहणार असेल तर मेमरीतली यादी पुरते. दोन झाले की पुरत नाही.

आधी एका सर्व्हरचं बघू. इथे मला एचटीटीपी सेशन बाइंडिंग लिसनर सगळ्यात सोयीचा वाटतो, आणि का कोण जाणे तो फारसा कोणी वापरत नाही. ‘लॉगिननोंद’ नावाचा एक छोटा क्लास करा. त्यात वापरकर्त्याचा आयडी, लॉगिनची वेळ, आयपी पत्ता आणि त्या नोंदीचा स्वतःचा एक रँडम आयडी ठेवा. क्लासने बाइंडिंग लिसनर इम्प्लिमेंट करायचा. लॉगिन यशस्वी झालं की ही नोंद सेशनमध्ये ॲट्रिब्युट म्हणून टाकायची. टाकताक्षणी कंटेनर तिची व्हॅल्यूबाउंड मेथड बोलावतो, तिथे ती स्वतःला सामाईक यादीत घालते. सेशन इनव्हॅलिडेट झालं (कोडने संपवलं), टाइमआउट झालं किंवा ॲट्रिब्युट काढून टाकलं, तरी व्हॅल्यूअनबाउंड बोलावली जाते आणि ती स्वतःला यादीतून काढते. नोंदणीसाठी वेब डॉट एक्सएमएलमध्ये (ॲप्लिकेशनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) काही लिहावं लागत नाही. लॉगिन न झालेल्या सेशनमध्ये ही नोंदच नसल्यामुळे बॉट आणि पाहुणे आपोआप गळतात.

यादी म्हणजे कन्करंट हॅश मॅप, म्हणजे की देऊन नोंद शोधायचा आणि अनेक रिक्वेस्टनी एकदम वापरला तरी न बिघडणारा साठा. त्याची की नोंदीचा स्वतःचा आयडी असू द्या. वापरकर्त्याचं नाव की म्हणून ठेवू नका, आणि हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण इथे दोन दोष लपलेले आहेत. पहिला सरळ आहे: एकच माणूस फोनवर आणि संगणकावर लॉगिन असेल तर दुसरी नोंद पहिलीला पुसते, आणि एका ठिकाणचं लॉगआउट दोन्ही ठिकाणी दिसतं. दुसरा सूक्ष्म आहे. त्याच सेशनमध्ये, त्याच ॲट्रिब्युटच्या नावाने तुम्ही नवी नोंद टाकलीत, तर टॉमकॅट आधी नव्या नोंदीची व्हॅल्यूबाउंड बोलावतो आणि मग जुन्या नोंदीची व्हॅल्यूअनबाउंड. की वापरकर्त्याचं नाव असेल तर नवी नोंद आत जाते आणि जुनी जाता जाता तिलाच पुसून जाते. माणूस आत काम करतोय आणि यादीत नाही, असा प्रकार होतो. परवानग्या बदलल्यावर सेशनमधला वापरकर्ता ताजा करणारा कोड असेल तर हे हमखास घडतं, आणि दोष शोधायला फार वेळ जातो.

सेशन आयडी की म्हणून का नको, हा पुढचा प्रश्न येतो. कारण लॉगिनच्या वेळी सेशन आयडी बदलायलाच हवा. हल्लेखोराने आधीच मिळवलेला आयडी दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा आणि तो लॉगिन झाला की त्याच आयडीने आत शिरायचं, हा सेशन फिक्सेशनचा हल्ला त्यामुळे बंद होतो. सर्व्हलेट ३.१ पासून रिक्वेस्टवर चेंजसेशनआयडी ही मेथड आहे. ती आयडी बदलते आणि आतले ॲट्रिब्युट तसेच ठेवते. तुमची यादी सेशन आयडीवर बांधलेली असेल तर त्या क्षणी ती तुटते. ३.१ मध्येच आलेल्या एचटीटीपी सेशन आयडी लिसनरने ती सांधता येते, पण स्वतःचा आयडी ठेवला तर सांधायची वेळच येत नाही. शिवाय सेशन आयडी हा त्या माणसाच्या खात्याची किल्लीच आहे. तो ॲडमिनच्या पानावर, लॉगमध्ये किंवा डेटाबेसमध्ये उघडा पडू देऊ नका. दोन नोंदींचा मेळ घालण्यासाठी ठेवायचाच असेल तर त्याचा एसएचए-२५६ हॅश (मूळ आयडी परत काढता येणार नाही असा ठसा) ठेवा.

रीस्टार्टनंतर परत आलेल्या सेशनचं काय? नोंद सिरियलाइझ होणारी (फाइलमध्ये लिहून परत वाचता येणारी) असू द्या आणि तिलाच एचटीटीपी सेशन ॲक्टिव्हेशन लिसनरही करा. फाइलमधून वाचलेल्या सेशनसाठी व्हॅल्यूबाउंड येत नाही, पण सेशनडिडॲक्टिव्हेट येते. तिथे नोंदीने स्वतःला पुन्हा यादीत घालायचं. उण्याचा प्रश्न इथे संपतो.

यादीत एचटीटीपी सेशनचा ऑब्जेक्ट स्वतः ठेवायचा मोह होतो, म्हणजे बाहेर काढताना थेट त्यावर इनव्हॅलिडेट म्हणता येईल. एका सर्व्हरवर ते चालतंही. तरी मी ते करत नाही. त्या क्षणी त्या माणसाची एखादी रिक्वेस्ट अर्ध्यावर असेल तर तिच्या पुढच्या गेटॲट्रिब्युटला इल्लीगल स्टेट एक्सेप्शन मिळतं आणि काम मधेच लटकतं. नोंद काढायची कुठे राहून गेली तर मेलेले सेशन मेमरीत साचत राहतात. आणि दुसरा सर्व्हर आला की हा रस्ता पूर्ण बंद होतो, कारण त्याचे सेशन ऑब्जेक्ट तुमच्या हातात नसतात.

त्याऐवजी नोंदीवर ‘रद्द’ अशी खूण करा, आणि प्रत्येक रिक्वेस्टच्या वाटेवर एक फिल्टर बसवा. फिल्टर सेशनमधली नोंद पाहतो. खूण असेल तर तो स्वतः, त्या माणसाच्याच रिक्वेस्टमध्ये, सेशन इनव्हॅलिडेट करतो आणि लॉगिनच्या पानाकडे पाठवतो. स्प्रिंग सिक्युरिटी या जावाच्या तयार सुरक्षा लायब्ररीतही हेच घडतं. तिथल्या सेशन इन्फॉर्मेशनवर एक्स्पायरनाऊ बोलावलं तर फक्त खूण होते, आणि बाहेर काढण्याचं काम पुढच्या रिक्वेस्टला कन्करंट सेशन फिल्टर करतो. याचा एक परिणाम ॲडमिनला आधीच सांगून ठेवा: बाहेर काढलेल्या माणसाच्या पडद्यावर आधी उघडलेलं पान पुढच्या क्लिकपर्यंत तसंच दिसत राहील. सर्व्हरकडून नवीन काही मिळणार नाही, एवढी खात्री आहे. वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमध्ये उघडी राहणारी जोडणी) वापरत असाल तर ते जोडलेलं कनेक्शन वेगळं बंद करावं लागेल, कारण एकदा जोडणी झाली की त्यावरचे संदेश सर्व्हलेट फिल्टरमधून जात नाहीत.

आता ‘आत्ता काम करतोय’ या प्रश्नाकडे येऊ. ब्राउझर बंद केल्याची खबर सर्व्हरला मिळत नाही. एचटीटीपीमध्ये तशी सोयच नाही. पान बंद होताना जावास्क्रिप्टमधून सेंडबीकनने निरोप पाठवता येतो, पण फोनवर ॲप मागे गेलं आणि प्रणालीने ते बंद केलं, बॅटरी संपली, नेटवर्क गेलं, तर निरोप येत नाही. उलट माणसाने नुसतं पान रिफ्रेश केलं तरी तो येतो. म्हणून त्या निरोपावर लॉगआउट करू नका. फिल्टरमध्येच प्रत्येक रिक्वेस्टला ‘शेवटची हालचाल’ ही वेळ नोंदवा आणि पडद्यावर खरं ते लिहा: ‘गेल्या ५ मिनिटांत सक्रिय’. ‘ऑनलाइन’ असा हिरवा ठिपका दाखवला की लोक त्यावर नको तेवढा विश्वास टाकतात, आणि मग जेवायला गेलेला माणूस ऑनलाइन का दिसतो याच्या तक्रारी तुमच्याकडे येतात.

कंटेनरचा गेटलास्टॲक्सेस्डटाइम यासाठी का पुरत नाही? कारण त्याला माणसाने केलेली रिक्वेस्ट आणि पानाने आपणहून केलेली रिक्वेस्ट यांतला फरक कळत नाही. नव्या सूचना आल्या का हे दर ३० सेकंदांनी विचारणारा कोड पानावर असेल, तर ते टॅब उघडं आहे तोवर सेशन कधीच टाइमआउट होणार नाही. रात्रभर उघड्या राहिलेल्या संगणकावर सकाळीही लॉगिन जिवंत असतं, आणि सुरक्षेची काळजी असलेल्या ॲप्लिकेशनमध्ये ही मोठी फट आहे. अशा रिक्वेस्टना वेगळा पत्ता किंवा वेगळा हेडर द्या, फिल्टरमध्ये त्यांच्यासाठी शेवटची हालचाल बदलू नका, आणि निष्क्रियतेचा नियम तुमच्या त्या वेळेवरून फिल्टरमध्येच लावा. कंटेनरचा टाइमआउट त्याहून थोडा जास्त ठेवा. जाता जाता एक: वेब डॉट एक्सएमएलमधला टाइमआउट मिनिटांत असतो आणि सेटमॅक्सइनॲक्टिव्हइंटरव्हलचा सेकंदांत. दुसऱ्यात ३० लिहिलं तर लोक अर्ध्या मिनिटात बाहेर फेकले जातात.

सर्व्हर एकाहून जास्त असतील तर मेमरीतली यादी प्रत्येकाची वेगळी असते, आणि ॲडमिनला तो ज्या सर्व्हरवर पोहोचला त्याचीच माणसं दिसतात. स्टिकी सेशनने हे सुटत नाही. स्टिकी सेशन एका माणसाला एकाच सर्व्हरकडे पाठवतं, पण ॲडमिनला सगळ्यांची माहिती देत नाही. इथे नोंद डेटाबेसच्या टेबलमध्ये न्या. कॉलम साधारण असे: नोंदीचा आयडी, वापरकर्त्याचा आयडी, लॉगिनची वेळ, शेवटची हालचाल, आयपी पत्ता, ब्राउझरची ओळख, बंद झाल्याची वेळ आणि बंद होण्याचं कारण. कारणाचा कॉलम नक्की ठेवा. लॉगआउट, निष्क्रियता, ॲडमिनने काढलं, पासवर्ड बदलला, यांतलं काय झालं हे पुढे चौकशीच्या वेळी सगळ्यात आधी विचारलं जातं. सेशनमध्ये मग फक्त नोंदीचा आयडी राहतो.

प्रत्येक रिक्वेस्टला डेटाबेसमध्ये लिहायचं म्हणजे भार वाढणार, ही शंका रास्त आहे. म्हणून आधीची वेळ एका मिनिटापेक्षा जुनी असेल तरच अपडेट करा, आणि ही अट अपडेटच्या वेअर क्लॉजमध्येच घाला. पाच मिनिटांची सक्रियता दाखवायची असताना मिनिटभराची अचूकता भरपूर झाली. ‘रद्द’ची खूण वाचण्यासाठी प्रायमरी कीवरची एक क्वेरी बहुतेक ॲप्लिकेशनना जड जात नाही. जड जात असेल तर काही सेकंदांचा कॅश ठेवा, पण मग ‘बाहेर काढा’ तेवढ्या सेकंदांनी लागू होईल हे मान्य करून. सर्व्हर अचानक बंद पडला तर त्यावरच्या नोंदी बंद झाल्याची सूचना कोणीच देणार नाही. त्यासाठी शेवटची हालचाल मर्यादेपलीकडे गेलेल्या नोंदी बंद करणारं एक ठरावीक वेळाने चालणारं काम हवंच. ते सगळ्या सर्व्हरवर एकदम चाललं तरी बिघडणार नाही असं लिहा.

लोड बॅलन्सरच्या मागे असाल तर रिक्वेस्टमधून मिळणारा आयपी पत्ता लोड बॅलन्सरचा असतो. टॉमकॅटमध्ये रिमोट आयपी व्हॉल्व्ह लावला की खरा पत्ता मिळतो. एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर स्वतः वाचून त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. तो कोणीही हवा तसा लिहून पाठवू शकतो.

स्प्रिंगवर असाल तर यातलं बरंच तयार मिळतं, पण दोन ठिकाणी हमखास अडकायला होतं. सेशन रजिस्ट्री (स्प्रिंगची लॉगिनची यादी) वापरताना एचटीटीपी सेशन इव्हेंट पब्लिशर, म्हणजे कंटेनरच्या घडामोडी स्प्रिंगला कळवणारा क्लास, नोंदवायचा राहिला, तर टाइमआउट झालेले लोक यादीतून जातच नाहीत. आणि वापरकर्त्याच्या क्लासमध्ये इक्वल्स आणि हॅशकोड लिहिलेले नसतील, तर रजिस्ट्रीला एकाच माणसाची दोन लॉगिन दोन वेगळी माणसं वाटतात आणि ‘एका वेळी एकच सेशन’ हा नियम लागूच होत नाही. अनेक सर्व्हरसाठी स्प्रिंग सेशन घ्या. त्यात वापरकर्त्याच्या नावावरून त्याचे सगळे सेशन शोधता येतात. फक्त त्याच्या जेडीबीसी (सेशन डेटाबेसमध्ये ठेवणाऱ्या) प्रकारात सेशन संपल्याच्या घडामोडी प्रसिद्ध होत नाहीत, त्यामुळे त्यावर विसंबून लॉगआउटची नोंद करू नका.

एका माणसाला एकच लॉगिन द्यायचं असेल तर नव्याला अडवायचं की जुन्याला काढायचं? माझं मत स्पष्ट आहे: जुन्याला काढा. नव्याला अडवलं तर ज्याचा ब्राउझर मधेच बंद पडला तो बिचारा टाइमआउट होईपर्यंत स्वतःच्याच खात्याबाहेर उभा राहतो, आणि तुमच्या मदत कक्षाचा फोन वाजत राहतो. जुन्याला काढताना त्याला कारण मात्र दाखवा: ‘तुमच्या खात्यात दुसरीकडून लॉगिन झालं आहे’. ते त्याने स्वतः केलेलं नसेल तर त्याला तिथेच कळतं. तपासणी आणि नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, वापरकर्त्याच्या डेटाबेसमधल्या ओळीवर लॉक घेऊन करा. नाहीतर एकाच क्षणी आलेली दोन लॉगिन एकमेकांना दिसत नाहीत आणि दोन्ही आत शिरतात. पासवर्ड बदलला की बाकीची सगळी लॉगिन रद्द करणं हेही याच टेबलवर एका अपडेटचं काम आहे, ते करून टाका.

सेशनच नसेल आणि जेडब्ल्यूटी (ओळख पटवणारं, सर्व्हरने सही केलेलं टोकन) वापरत असाल तरी टेबल हेच राहतं. फक्त नोंदीचा आयडी टोकनमध्ये जातो. सही तपासून टोकन खरं आहे एवढंच कळतं, ते नंतर रद्द झालं की नाही ते कळत नाही. म्हणून टोकनचं आयुष्य काही मिनिटांचं ठेवा आणि ते नवं करून देताना टेबल पाहा. तेवढी मिनिटंही चालणार नसतील तर दर रिक्वेस्टला पाहावं लागेल.

चाचणी करताना टाइमआउट १ मिनिट करा, पण घड्याळाकडे बघत बरोबर मिनिटाला नोंद जाण्याची वाट पाहू नका. टॉमकॅटचं पार्श्वभूमीचं काम मूळच्या सेटिंगला दर १० सेकंदांनी चालतं आणि दर सहाव्या खेपेला संपलेली सेशन झाडतं, म्हणून सूचना यायला आणखी मिनिटभर लागू शकतं. मग एकाच खात्याने दोन ब्राउझरमधून लॉगिन करून एकात लॉगआउट करा, सूचना विचारणारं टॅब उघडं ठेवून निष्क्रियतेचा नियम लागतो का पाहा, आणि लोक लॉगिन असताना सर्व्हर एकदा व्यवस्थित व एकदा प्रक्रिया मारून बंद करा. या चारही वेळी यादीत काय उरतं ते लिहून ठेवा. शेवटच्या प्रकारात नोंदी उरल्या आणि कितीही वेळ गेला तरी गेल्या नाहीत, तर त्या झाडणारं काम चालू नाही असं समजा आणि आधी तेच शोधा.